कंपनीला आपली पोरंच का पाहिजेत?

मागच्या महिन्यात आमच्या एका गटाची बैठक मारुतीच्या देवळात चालू होती. बचत जमा झाली, कर्जाचे हप्ते आले, वहीवर सह्या झाल्या. बाया उठायला लागल्या तेवढ्यात एका ताईने कमरेला खोचलेला कागद काढून पुढे ठेवला. एसटी स्टँडवर कुणीतरी वाटत होतं म्हणाली. कागदावर लिहिलेलं: मुली पाहिजेत, वय १८ ते २६, दहावी-बारावी-आयटीआय, विदेशी कंपनी, राहण्याची सोय, बसची सोय. खाली एक मोबाइल नंबर. कंपनीचं नाव नाही, पगार नाही, काम काय तेही नाही.

ताईची मुलगी बारावी होऊन घरी बसलेली. ती म्हणते जाते, बाप म्हणतो नको, आणि ताई दोघांच्या मधे. यावर सगळ्याच बोलायला लागल्या. त्यात आमची एक वहिनी, वय चौतीस, जरा रागानेच म्हणाली, "मी सकाळी सातपासून दिवेलागणीपर्यंत कांदा निवडते. सव्वीस वर्षांची पोर माझ्यापुढे टिकायची नाही. मग मी का नको? आणि एवढी परदेशातली कंपनी, ती आपल्या पोरी हुडकत आपल्या स्टँडवर कशाला येते?"

प्रश्न साधा होता, पण आम्हाला तिथल्या तिथे नीट उत्तर देता आलं नाही. मग वाचलं, विचारलं, कंपनीत जाऊन आलेल्या मुलींशी बोललो. आजचं बोलणं त्यावरच आहे.

आधी घराचाच हिशोब बघू. सहा माणसांचं घर. दोन म्हातारी, दोन शाळेत जाणारी, दोन कमावती. आलेला पैसा दवाखान्यात, वह्या-पुस्तकांत आणि किराण्यात संपतो. तीच पोरं दहा वर्षांनी कामाला लागली की त्याच घरात चार कमावते हात होतात. मग पत्रा जाऊन स्लॅब पडतो, बोअर होते, अडीनडीला दागिना मोडावा लागत नाही. पण हा काळ कायम नसतो. पुढे कमावते म्हातारे होतात, आजारपणं येतात, हात पुन्हा कमी पडतात. देशाचंही असंच चालतं. कमावत्या वयाची माणसं जास्त आणि त्यांच्यावर अवलंबून असलेली कमी, अशी काही वर्षं प्रत्येक देशाला एकदा मिळतात. त्याला 'लोकसंख्येचा लाभांश' असा भारदस्त शब्द आहे.

आपल्या देशाची सध्या तीच वर्षं चालू आहेत. शंभर माणसांत साधारण अडुसष्ट जण १५ ते ६४ या वयातले. सगळा देश वयाप्रमाणे एका रांगेत उभा केला तर बरोबर मधलं माणूस २८-२९ वर्षांचं निघेल. चीनमध्ये ते माणूस चाळिशीला टेकलेलं आहे आणि जपानमध्ये पन्नाशीच्या जवळ. २०२३ मध्ये आपण लोकसंख्येत चीनच्याही पुढे गेलो. आता जपानच्या कंपनीचा विचार करा. पैसा आहे, मशीन आहे, नवीन माल काढायची अक्कल आहे. पण लाइनवर उभं राहायला त्यांच्या गावात पोरगं नाही. आपल्याकडे पोरं आहेत आणि काम नाही. ही त्यांची आणि आपली गाठ आहे.

परदेशी कंपनी इथे येऊन जमीन घेते, शेड बांधते, मशीन बसवते किंवा इथल्या धंद्यात भागीदारी करते, त्याला 'थेट परकीय गुंतवणूक' म्हणतात. शेअर बाजारात आज येणारा आणि उद्या जाणारा पैसा वेगळा. १९९१ मध्ये सरकारने धोरण बदललं आणि अशा कंपन्यांना दार बरंच मोकळं केलं. आपल्या नगर-पुणे रस्त्यावरचं रांजणगाव बघा. कोरियाची एलजी, अमेरिकेची व्हर्लपूल, टाटांच्या भागीदारीत इटलीची फियाट. बाहेरच्या पैशात महाराष्ट्र अलीकडे सगळ्या राज्यांच्या पुढे असतो, देशात येणाऱ्या शंभर रुपयांतले तीसच्या आसपास इथे येतात. अर्थात हा सगळा पैसा कारखान्यात जातो असं समजू नका. सेवा-व्यवसाय आणि सॉफ्टवेअर यांचा वाटा त्यात मोठा असतो, आणि तिथे आपल्या बारावीच्या मुलीला सहसा जागा नसते.

ही वाट आपल्या आधी दुसऱ्यांनी तुडवलेली आहे. १९८० मध्ये चीनने शेन्झेन या समुद्राजवळच्या गावठाणाला खास औद्योगिक क्षेत्र केलं. परदेशी कारखाने आले आणि खेड्यापाड्यांतून लाखो मुली तिथे कामाला गेल्या. एका खोलीत आठ-दहा जणी राहून त्यांनी जगाची खेळणी, कपडे, रेडिओ जोडले. पुढे तिथले पगार वाढले. एक मूल धोरण पस्तीसेक वर्षं राबवल्यामुळे नव्या दमाचे हातही कमी झाले. २०२२ मध्ये तर चीनची लोकसंख्याच घटली. मग कंपन्यांनी व्हिएतनाम, बांगलादेश, भारत असे दुसरे रस्ते शोधायला सुरुवात केली.

बांगलादेशची गोष्ट आम्हाला जास्त जवळची वाटली. १९७० च्या दशकाच्या शेवटी तिथल्या एका कंपनीने कोरियाच्या देवू कंपनीशी करार केला आणि १३० जणांना शिवणकामाचं शिक्षण घ्यायला कोरियाला पाठवलं. त्यांतले बरेच जण पुढे आपापले कारखाने काढून बसले. तिथून वाढत वाढत बांगलादेश कपड्यांत जगातला मोठा देश झाला, आणि मशीनवर बसणाऱ्यांत बहुतेक बायका. तिथले कारखानदार जास्त करून देशातलेच, पण माल घेणारे परदेशी आणि भाव ठरवणारेही तेच. स्वस्तात आणि वेळेत माल हवा. २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली आणि अकराशेहून जास्त कामगार मेले. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले सगळ्यांनी पाहिले होते. तरी सकाळी बायांना कामावर बोलावलं होतं. त्यांच्या हातात संघटना नव्हती आणि एक दिवसाचा पगार बुडवायची ऐपत नव्हती.

आता कुणी म्हणेल, पोरं भरपूर असली की कंपन्या येतातच. तसं नाही. आपल्या देशातलं सगळ्यात तरुण राज्य बिहार. तिथे किती परदेशी कारखाने गेले? जवळजवळ नाहीतच. तिथली पोरंच रेल्वेने पुण्याला, चाकणला, सुरतला येतात. तमिळनाडूत मुलं कमी जन्मतात, माणसं आपल्या देशाच्या मानाने वयस्क, तरी तिथे कंपन्यांची रीघ. कारण कंपनी नुसती वयं मोजत नाही. लाइट जाते का, बंदर किती लांब, रस्ता कसा, आयटीआय आहे का, मुलगी मशीनवरची सूचना वाचू शकते का, हेही बघते. म्हणून आम्ही सातवीत शाळा सोडवू नका म्हणून मागे लागतो तेव्हा ती नुसती कटकट नसते.

आता वहिनीचा प्रश्न. सव्वीसच का?

विचारलं तर कंपनीवाले सांगतात की कोवळ्या वयात नजर बारीक असते, बोटं चपळ असतात, आठ तास उभं राहायची ताकद असते. काही कामांत ते खरंही असेल. पण आमच्या मते मोठं कारण दुसरं आहे. वीस वर्षांच्या मुलीचा हा पहिलाच पगार. तिला कमी काय आणि जास्त काय ते माहीत नसतं. ती हॉस्टेलवर राहते, म्हणून कोणत्याही शिफ्टला येते. तिचं लेकरू घरी तापाने फणफणत नसतं. तिला २६ आठवड्यांची बाळंतपणाची पगारी रजा द्यायची वेळ सहसा येत नाही, कारण लग्न ठरलं की तीच सोडून जाते. आणि ती गेली की स्टँडवर नवा कागद वाटता येतो.

आम्ही हे मनाने सांगत नाही. २०२४ मध्ये बातमी आली की चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरला आयफोन जोडणाऱ्या फॉक्सकॉन या तैवानच्या कंपनीच्या कारखान्यात भरती करताना लग्न झालेल्या बायांना मागे फिरवत होते. केंद्र सरकारने राज्याकडे अहवाल मागवला. कंपनीने आरोप नाकारला. खरंखोटं त्यांचं त्यांना, पण आमच्या वहिनीला ती बातमी वाचून दाखवली तेव्हा तिला जराही नवल वाटलं नाही.

त्याच कारखान्याची आधीची एक गोष्ट मात्र ऐकण्यासारखी आहे. डिसेंबर २०२१ मध्ये तिथल्या मुलींच्या एका हॉस्टेलमध्ये जेवणातून विषबाधा झाली. दीडशेहून जास्त मुलींना दवाखान्यात न्यावं लागलं. त्यांच्या मैत्रिणींनी चेन्नई-बेंगळुरू महामार्ग अडवला. कारखाना बंद ठेवावा लागला. ज्या ॲपल कंपनीचे फोन तिथे बनतात तिने हॉस्टेल आणि जेवणघर चांगलं नसल्याचं मान्य केलं आणि कारखान्याला सुधारणा होईपर्यंत देखरेखीखाली ठेवलं. पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये तमिळनाडू सरकारने तिथे १८,७२० बाया राहतील एवढं मोठं हॉस्टेल उघडलं. वीस-बावीस वर्षांच्या खेड्यातल्या मुली त्या, पण एकदम रस्त्यावर बसल्यावर अमेरिकेपर्यंत ऐकू गेलं.

आपल्याकडे हॉस्टेलपेक्षा जास्त त्रास ठेकेदाराचा आहे. कारखाना परदेशी, गेटवर नाव परदेशी, पण मुलीला कामावर घेतो तो ठेकेदार. बहुतेक वेळा सात महिने काम आणि मग 'ब्रेक'. सातच का, तर वर्षभरात २४० दिवस भरले की कामगार हक्क सांगू शकतो. सात महिने म्हणजे दोनशे दहा दिवस. पुढे पुन्हा दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर तीच मुलगी, तीच लाइन, तोच डबा. कुठे कुठे मुलींना 'ॲप्रेंटिस' म्हणून घेतात. ॲप्रेंटिसच्या १९६१ च्या कायद्यात शिकाऊ उमेदवार हा कामगार धरलेला नाही, त्यामुळे पीएफ नाही, ईएसआय नाही. खरोखर शिकायला मिळत असेल, करार सरकारच्या पोर्टलवर नोंदलेला असेल आणि शेवटी प्रमाणपत्र मिळणार असेल तर आमचं काही म्हणणं नाही, उलट जावं. पण दोन वर्षं एकच स्क्रू पिळायला लावून त्याला शिक्षण म्हणायचं, हे चालू द्यायचं नाही.

आमच्या एका गटातल्या मावशींची मुलगी अशीच दोन वर्षं काम करून आली. ठेकेदार तीन झाले. पगारातून पीएफ दर महिन्याला कापला जायचा, ते तिच्या लक्षात होतं. हिशोब बघा. समजा मूळ पगार दहा हजार. तिच्याकडून बारा टक्के म्हणजे बाराशे, आणि मालकानेही तेवढेच घालायचे. दोन वर्षांचे तिचे एकटीचेच अठ्ठावीस हजार आठशे झाले. मालकाचे धरून त्याच्या दुप्पट. बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा ते पैसे काढायचे ठरलं. आम्ही तिला घेऊन तीन चकरा मारल्या. एका ठेकेदाराने पैसे भरलेच नव्हते. दुसऱ्याने आधीचा नंबर न विचारता नवाच नंबर काढला होता. त्यात तिचं आधारवर सासरचं नाव झालेलं आणि पीएफला माहेरचं. नाव जुळेना म्हणून अर्ज परत. शेवटी साधारण निम्मे पैसे हातात आले, तेही बाळ चार महिन्यांचं झाल्यावर. तिच्याजवळ पगाराच्या चिठ्ठ्या असत्या तर न भरलेल्या पैशांची तक्रार नीट करता आली असती. चिठ्ठ्या तिने खोली सोडताना फेकून दिल्या होत्या. हे आम्ही तिला आधी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, ही चूक आमची.

आणि कंपनी जन्मभर राहील असंही धरून चालू नका. तळेगावला जनरल मोटर्सचा कारखाना २००८ मध्ये सुरू झाला. गाड्या इथे खपेनात म्हणून कंपनीने २०१७ मध्ये देशातली विक्री थांबवली, काही वर्षं नुसती निर्यात केली आणि डिसेंबर २०२० मध्ये उत्पादन बंद केलं. कामगारांना हिशोबासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली. २०२३ मध्ये तो कारखाना घ्यायचा करार कोरियाच्या ह्युंदाईने केला. शेड उभीच राहिली, मशीनं बदलली, पाटी बदलली. पण २००८ मध्ये बाविसाव्या वर्षी तिथे लागलेला पोरगा कारखाना बंद झाला तेव्हा चौतीस वर्षांचा होता. म्हणजे आमच्या वहिनीच्याच वयाचा.

हा तरुणपणाचा काळ किती दिवस? आपल्या आज्यांना सहा-सात मुलं, आयांना चार, आपल्याला दोन. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशात एका बाईमागे सरासरी दोन मुलं निघाली आणि महाराष्ट्रात १.७. वाडीवरच्या शाळेचा पट का घटतोय ते यावरून कळेल. २०५० पर्यंत आपल्या देशात पाच माणसांत एक साठीच्या पुढचं असेल असा अंदाज आहे. आज ज्या मुली वीस वर्षांच्या आहेत त्या तेव्हा पंचेचाळीसच्या असतील, आणि घरात दोन-तीन म्हातारी सांभाळत असतील. तेव्हा स्टँडवर कुणी कागद वाटणार नाही. म्हणून मुलींना घरी बसवून ठेवा, असं आम्ही म्हणणार नाही. स्वतःच्या पगाराची वीस वर्षांची मुलगी लग्नाच्या बोलणीत वेगळी बसते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. जावं, पण हिशोबाने जावं.

गटाने त्या ताईला मग चार-पाच गोष्टी विचारायला सांगितल्या. पहिली म्हणजे नेमणूकपत्र कोण देणार, कंपनी की ठेकेदार, आणि त्यावर नाव-शिक्का कुणाचा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यांत प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यायचं आहे. मग पगार, पण तोंडी आकडा नको. बस, जेवण, खोली, ड्रेस यांचे कापून हातात किती, ते कागदावर. पीएफचा नंबर एकच, तो आधीचा असेल तर तोच लावायचा, आणि आधारवरचं नाव आधी तपासायचं. पगार महिना एकवीस हजारांपर्यंत असेल तर ईएसआयचं कार्ड. त्याला मुलीच्या पगारातून शंभराला पाऊण रुपया जातो, पण दवाखाना आणि बाळंतपणाचा लाभ त्यावर मिळतो. ओव्हरटाइमला दुप्पट दर आहे की नाही. रात्रपाळी असेल तर मुलीची संमती विचारतात का आणि बस खोलीच्या दारापर्यंत सोडते का. कारखान्यात लैंगिक छळाच्या तक्रारीची समिती आहे का आणि त्यातल्या बाईचं नाव काय. शेवटचं फार महत्त्वाचं आणि फार सोपं: पगाराची प्रत्येक चिठ्ठी मोबाइलवर फोटो काढून आईला पाठवायची. आईने ती गटाच्या ग्रुपवर टाकायची नाही, तो मुलीचा खासगी हिशोब आहे. आपल्याजवळ जपून ठेवायची.

काही शिकून जायचं असेल तर दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना आहे. गरीब ग्रामीण घरातल्या १५ ते ३५ वयाच्या मुलामुलींना फुकट शिक्षण, आणि बायांसाठी वय ४५ पर्यंत. होय वहिनी, पंचेचाळीसपर्यंत. उमेदच्या तालुका कार्यालयात चौकशी करा, सध्या कोणता कोर्स कुठे चालू आहे ते तिथे कळेल.

ताईने परवा बैठकीतच त्या नंबरवर फोन लावला, स्पीकरवर. आम्ही सगळ्या गप्प बसून ऐकत होतो. माणूस आधी गोड बोलला. नेमणूकपत्राचं विचारल्यावर म्हणाला, "मावशी, पोरीला पाठवा, इथे आल्यावर सगळं होईल." ताई म्हणाली, "आधी मी येते, मग पोरगी येईल." पलीकडे जरा वेळ शांतता. मग त्याने कंपनीचं नाव सांगितलं आणि खोलीचा पत्ताही दिला.

येत्या मंगळवारी सकाळच्या एसटीने ताई, तिची मुलगी आणि गटातल्या दोघी खोली आणि गेट बघायला निघाल्या आहेत. वहिनीही जाणार आहे. तिथे चौतीस वर्षांच्या बाईला काम आहे का, हे ती स्वतः विचारणार म्हणते. काय पाहिलं आणि काय उत्तर मिळालं, ते पुढच्या वेळी त्यांच्याच तोंडून ऐकवू.